शपथेचा हात

विनिफ्रेडने नवऱ्याचं बोट दोन्ही मुठींत धरलं, टेबलाच्या पायाला आपला बूट टेकवला आणि ओढलं. मार्टिन टियर्नीच्या दातांमधला मातीचा पाइप कटकन मोडला. त्याने तुकडा थुंकून टाकला.

"झालं का सरळ?" तिने विचारलं.

"बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे किती?"

"तुझ्या भावाच्या नाकाइतकं."

विनिफ्रेड हसली नाही. त्या वाकड्या बोटावर तिचं काय काय टांगलेलं होतं, ते आधी मांडलेलं बरं. आज दुपारी सीझनचा शेवटचा सामना. पेल्टन जिंकलं, तर पुढच्या वर्षी लीगमधली जागा पेल्टनची. जागा राहिली, तर मार्टिनला पुन्हा सहा महिन्यांचा करार. करार झाला, तर टेकडीवरच्या ओल्मस्टेडबाईंच्या घराचा खालचा मजला, जिथे वारा कातडी कमावण्याच्या आवाराकडून येत नाही. सध्याच्या दोन खोल्या बरोबर चुन्याच्या हौदांच्या वर होत्या. वाळत घातलेल्या कपड्यांना ओल्या कातड्याचा वास लागे. मुलं अजून झालेली नव्हती, पण झाली तर त्यांनाही तो लागेल, असं तिने गृहीत धरलं होतं.

आणि पेल्टन हरलं, तर यातलं काही नाही. मोठ्या शहरांनी त्याच वर्षी, १८७६ च्या फेब्रुवारीत, आपापसांत लीग काढून लहान गावांना दाराबाहेर ठेवलं होतं. मग मोहॉकच्या खोऱ्यातल्या गावांनी चिडून आपली वेगळी काढली. पहिल्या वर्षातच पैशाची ओढाताण झाली, आणि खोऱ्यातून पुढे एकच संघ ठेवायचा असं ठरलं. पेल्टन किंवा रॉकवेल. दोघांनी सारखेच सामने जिंकलेले, म्हणून आजच्यावर सगळं.

विनिफ्रेडने शिवणाची टोपली ओढली, वरचे कपटे बाजूला केले आणि तळातून एक हातमोजा काढला. उजव्या हाताचा, बोटांची टोकं कापलेला, तळव्यावर दुहेरी कातडं.

मार्टिनने तो बघितला आणि खुर्ची मागे सारली.

"नाही."

"घालून तर बघ."

"विनी, नाही म्हणालो ना."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पेल्टन हे हातमोज्यांचं गाव. सोमवारी वॅन आर्नम साहेबांची गाडी कापलेलं कातडं घरोघरी टाकून जायची आणि शनिवारी शिवलेले हातमोजे उचलून न्यायची. बायका मोजे शिवायच्या, पुरुष हौदांवर कोपरापर्यंत मोजे घालून उभे राहायचे, आणि रविवारी चर्चला जाताना दोघंही पांढरे मोजे घालायचे. पण मैदानावर हात उघडे. बेसबॉल हा उघड्या हातांचा खेळ होता. ज्याच्या हातात मोजा दिसेल त्याला पोरीबाळी झबली शिवायला बोलावतील, इतकी ती गोष्ट लाजेची होती. त्यात मार्टिन कॅचर. पिचर जो चेंडू फेकतो तो बॅटवाल्याच्या मागे उभं राहून झेलायचा, दिवसाला शंभरदा, तोही उघड्या पंजांवर. त्याच्या दहा बोटांपैकी आता चारच बोटं हवी त्या दिशेला बघत होती.

"दिसणार नाही," विनिफ्रेड म्हणाली. "चहात बुडवून काढलाय. तीन संध्याकाळी तुझा हात शेजारी ठेवून रंग बघितला. तू झोपलेला होतास."

मार्टिनने मोजा हातात घेतला. हौदावर काम केलेल्या माणसाला कातडं बघायला शिकवावं लागत नाही. त्याने ते अंगठ्याने चोळलं.

"हे हरणाचं आहे. पहिल्या प्रतीचं. कोणाचं?"

"विचारू नकोस."

"विनी."

"वॅन आर्नमचं. दुसऱ्या कोणाचं असणार? या गावात गाय मेली तरी त्यांना विचारून मरते." तिने त्याचा पंजा ओढून आपल्या मांडीवर घेतला. "एक तुकडा डागी निघाला म्हणून सांगितलं. आता तू एकट्याने सगळ्या गावाचा प्रामाणिकपणा वाहू नकोस. घाल."

सुजलेल्या बोटावरून मोजा चढवायला वेळ लागला. चढल्यावर मात्र तो असा बसला की तिलाही क्षणभर कळेना, शिवण कुठे संपते आणि नवरा कुठे सुरू होतो. मार्टिनने मूठ वळली, उघडली. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असं त्याने ठरवलेलं दिसलं, पण खांदे खाली आले.

"बरं वाटतंय?"

"कोणी बघितलं तर मी मेलो."

"आणि नाही बघितलं तर टेकडी," विनिफ्रेड म्हणाली, आणि टोपी शोधायला उठली.

*

पंच म्हणून दोन्ही संघांना चालेल असा एकच माणूस खोऱ्यात होता. गावचा न्यायाधीश थॉर्न. तो दोघांनाही सारखाच नावडता होता. उंच टोपी घालून, हातात काठी घेऊन तो बॅटवाल्याच्या बाजूला उभा राहायचा आणि दर अर्ध्या तासाने तपकीर ओढायचा. त्याची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती, पण त्याची पंचाईत होत नसे. पंचाला एखादी गोष्ट दिसली नाही, तर ज्याला दिसली त्याला विचारावं, असं तेव्हाच्या नियमातच होतं. दुसरे पंच नुसतं विचारत. थॉर्न कोर्टातली सवय मैदानावर घेऊन यायचा. जो स्वतःच्या फायद्याचं बोलेल, त्याने उजवा हात वर करून, पंजा उघडा ठेवून बोलायचं. जो स्वतःच्या तोट्याचं बोलेल, त्याला शपथ नाही. "स्वतःच्या खिशातून द्यायला कोणी खोटं बोलत नाही," असं तो म्हणायचा. एवढी वर्षं कोर्टात बसून त्याला तरी असंच दिसलं होतं.

दुसऱ्या डावात शपथेची पहिली पाळी रॉकवेलच्या कॅचरवर आली. बॅगली त्याचं नाव. छाती पिंपासारखी, आवाज त्याहून मोठा. सामना सुरू झाल्यापासून त्याचं तोंड बंद नव्हतं.

"काय हो मोजेवाले! मांजरीसाठी एक जोडी शिवून द्या की! माप देतो!"

रॉकवेलहून गाडी भरून आलेले लोक प्रत्येक वेळी हसत होते. पेल्टनच्या एका बॅटवाल्याचा फटका बॅटच्या कडेला लागून मागे उडाला, तो बॅगलीने झेलला की नाही यावर वाद झाला. थॉर्नने काठी उचलली.

"मिस्टर बॅगली, झेललात?"

"अगदी स्वच्छ, न्यायाधीशसाहेब!"

"हात."

बॅगलीने उजवा पंजा थेट आभाळात उभा केला. पंजा उघडा होता, लाल होता, आणि एका बोटाचं नख काळं पडलेलं होतं. डावा हात त्याने पाठीशी पट्ट्यात खोचला होता, सरदारासारखा. बॅटवाला बाद.

बायकांच्या बाकांवर विनिफ्रेडच्या शेजारी पर्डीबाई बसली होती. नवरा गेल्यापासून तिने तीस वर्षं मोजे शिवले होते आणि तेवढीच वर्षं लोकांची उणीदुणी काढली होती.

"काय मेला तो रुबाब," पर्डीबाई म्हणाली आणि पिशवीतून सफरचंद काढून चावलं.

चौथ्या डावात मार्टिनला विचारायची पाळी आली. चेंडू धुळीत घुसला होता, थॉर्न तपकीर ओढत होता.

"मिस्टर टियर्नी?"

"सुटला, साहेब. जमिनीला लागला."

थॉर्नने मान हलवली. हात मागितला नाही. पेल्टनचे लोक कण्हले, पण रागावलं कोणी नाही. टियर्नीचं हे असंच होतं. तोट्याचं खरं तो इतक्या सरळपणे बोलायचा की त्याच्या संघातल्या लोकांना कधीकधी त्याचा गळा दाबावासा वाटायचा.

विनिफ्रेड ऐकत होती. बघत नव्हती. मार्टिनच्या पंजात चेंडू बसला की आजपर्यंत जो ओला, मांसाचा आवाज यायचा, तो आज नव्हता. आज थप्प असा कोरडा, जाड आवाज येत होता, उशीवर पुस्तक पडल्यासारखा. तिला वाटलं हा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जातोय. तिने पर्डीबाईकडे चोरून बघितलं. पर्डीबाई सफरचंदाच्या बिया थुंकत होती.

शेवटचा, नववा डाव आला तेव्हा पेल्टन एका धावेने पुढे होतं. रॉकवेलचे दोन गडी बाद. पण दोन गडी बेसवर होते, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या, दोघंही पळत घरच्या बेसवर पोचायच्या तयारीत; पोचला की प्रत्येकी एक धाव. आणि बॅट हातात घेऊन बॅगली उभा.

पेल्टनचा पिचर गस एबरलाइन. वय एकोणीस, जर्मन बेकरीवाल्याचा मुलगा, हात चाबकासारखा. त्याने पहिला चेंडू टाकला, बॅगलीची बॅट हुकली. दुसरा टाकला, पुन्हा हुकली. तिसरा हुकला आणि तो मार्टिनने जमिनीला लागण्याआधी धरला, की सामना संपला. धरता आला नाही, चेंडू जमिनीला टेकला, तर बॅगली पळायला मोकळा, आणि त्याच्या आधी चेंडू पहिल्या बेसवर फेकला तरच तो बाद.

गसने तिसरा टाकला. चेंडू आला आणि शेवटच्या क्षणी खाली बुडाला. बॅगलीने घुमवलेल्या बॅटखालून तो गेला, मार्टिन गुडघ्यांवर आदळला, धूळ उडाली.

थप्प.

मार्टिन उठून उभा राहिला. चेंडू त्याच्या उजव्या पंजात होता. तो हसत होता. सामना संपला म्हणून तो तसाच उभा राहिला.

"पडला!" बॅगली ओरडला, आणि बॅट टाकून पळाला. त्याच्या ओरडण्याबरोबर बेसवरचे दोघंही सुटले. पहिल्या बेसवर पेल्टनचा सायलस मॉट हात पसरून "फेक, फेक!" म्हणत होता, पण मार्टिनला वाटलं तो आनंदाने ओरडतोय. धूळ खाली बसेपर्यंत दोघंही घरच्या बेसवर पोचले होते, आणि बॅगली पहिल्या बेसवर उभा राहून कंबरेवर हात ठेवत होता.

थॉर्नने काठी उचलली.

"मला दिसलं नाही," तो म्हणाला. "मिस्टर टियर्नी, झेललात का?"

मार्टिनने तोंड उघडलं.

विनिफ्रेडने बघितलं, त्याचा उजवा हात मांडीपासून सुटला. कंबरेपर्यंत आला. चेंडू त्याने डाव्या हातात घेतला. मग तो उजव्या हाताकडे बघायला लागला. शेवटच्या चेंडूने ते बोट पुन्हा सुजलं होतं, मोज्याच्या कापलेल्या टोकातून ते जांभळं होऊन बाहेर आलं होतं. आता तो मोजा ओढून काढणं शक्य नव्हतं. आणि हात वर गेला की चार वाजताचं ऊन त्या दुहेरी कातड्यावर, त्या शिवणीवर सरळ पडणार होतं.

"मिस्टर टियर्नी?"

हात खाली गेला. पाठीमागे गेला.

"पडला, साहेब."

"जमिनीला लागला?"

"लागला."

थॉर्नने मान हलवली. शपथ लागली नाही. दोन धावा रॉकवेलच्या. पुढचा गडी बाद झाला, पेल्टनला आपल्या उरलेल्या पाळीत काही करता आलं नाही, आणि सामना संपला.

"पडला?" मागच्या बाकावरचं कोणीतरी म्हणालं. "पडला असता तर त्याने पहिल्या बेसला फेकला नसता का? पुतळ्यासारखा उभा होता!"

"किती दिले असतील रे?"

हे वाक्य बाकांवरून पुढे सरकत कुंपणापर्यंत गेलं. तिथे सट्टा घेणारे बसायचे, आणि त्यांच्यातला एक जण आज रॉकवेलवर पैसे लावून बसला होता, हे सगळ्यांना आत्ताच आठवलं.

*

तिकिटांच्या लाकडी खोलीत चौघं उभे होते आणि वॅन आर्नम साहेब बसले होते, कारण खुर्ची एकच होती. संघ त्यांचा, मैदान त्यांचं, खुर्चीही त्यांचीच. बाहेर लोक फळ्यांच्या फटींना कान लावून होते. मार्टिन दाराशी, उजवा हात विजारीच्या खिशात.

"किती दिले?" साहेबांनी विचारलं.

"कोणी काही दिलं नाही."

"मग खोटं का बोललास?" हा गस. त्याचा आवाज फाटला होता. "मी समोर उभा होतो, टियर्नी. सगळ्यांत चांगला चेंडू होता तो, आयुष्यातला. तू धरलास. मी बघितलं. चर्चमध्ये मेणबत्ती धरावी तसा धरून उभा होतास!"



"मी तुझ्या शब्दावर निकाल दिला," थॉर्न हळू म्हणाला. "तुझा शब्द होता म्हणून दुसऱ्याला विचारलं नाही. सामना विकलेल्या माणसाला या खोऱ्यात पुन्हा बॅटला हात लावू देत नाहीत, माहीत आहे ना? हौदावर तरी कोण ठेवेल?"

"माहीत आहे."

"तर मग बोल."

मार्टिनने हात खिशात आणखी खोल सारला. सायलस मॉट, पहिल्या बेसचा गडी, भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदा घसा खाकरला आणि सदरा सारखा केला.

दार ढकललं गेलं. विनिफ्रेड आत आली. तिच्या मागे, कोणी बोलावलेलं नसताना, पर्डीबाई.

"विनी, घरी जा," मार्टिन म्हणाला.

"हात काढ."

"घरी जा म्हणतो ना!"

दाराबाहेर उभी असताना विनिफ्रेडने विचार केला होता. हात बाहेर आला की कातडं कोणाचं ते साहेबांना एका नजरेत कळणार. सोमवारी गाडी तिच्या दारी थांबणार नाही. पुढच्या सोमवारीही नाही. तिने तो विचार पूर्ण केला होता, मगच दार ढकललं होतं. आता तिने नवऱ्याचं मनगट धरलं आणि खिशातून बाहेर ओढलं.

चहाच्या रंगाचा हातमोजा, घामाने काळपट, आणि त्यातून बाहेर आलेलं ते जांभळं बोट.

"निघत नाहीये," विनिफ्रेड म्हणाली आणि कमरेची कात्री काढली. "सुजलंय. मोजा कापावा लागेल."

"थांब!" वॅन आर्नम साहेब खुर्चीतून उठले. "कातडं कापू नकोस. शिवण उसव. चांगलं हरणाचं आहे."

मग स्वतःच काय बोललो हे त्यांना ऐकू आलं. ते पुन्हा बसले. "माझं आहे," ते म्हणाले.

"हो," विनिफ्रेड म्हणाली. ती टाका टाका उसवत होती. मार्टिनने ओठ मिटले होते. मोजा सुटून टेबलावर पडला.

गस एबरलाइन पुढे आला. त्याने मोज्याकडे बघितलं, मार्टिनकडे बघितलं.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला. "हात वर करावा लागेल म्हणून? अरे, तुला लोक चोर म्हणताहेत बाहेर! सामना विकला म्हणताहेत! त्यापेक्षा मोजा..."

"सामना विकणाऱ्याला लोक शिव्या देतात, गस," मार्टिन म्हणाला. "मोजेवाल्याला हसतात."

एकोणीस वर्षांच्या गसला हे पटायला वेळ लागला नाही, आणि तेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

सायलस मॉटने पुन्हा घसा खाकरला. मग त्याने सदऱ्याच्या आत हात घातला आणि पोटाजवळून काहीतरी काढून टेबलावर, पहिल्या मोज्याशेजारी, ठेवलं. डाव्या हाताचा. थोडा जास्त पिवळा.

"माझ्या बायकोने कांद्याच्या सालीत रंगवलाय," तो म्हणाला. "जूनपासून."

"जूनपासून?" मार्टिनने विचारलं.

"तुझा उजवा दुखतो म्हणून आपण डावा हात मिळवायचो. तुला कळेल म्हणून मी तेही सोडलं होतं."

"मला वाटलं तू रागावलास."

वॅन आर्नम साहेबांनी दोन्ही मोजे आपल्याकडे ओढले. उलटे केले, सुलटे केले, जाडी चिमटीत धरून बघितली.

"तीन तुकडे कमी आहेत उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. "कापणाऱ्याला मी दोनदा झापलं. हे दोन झाले. तिसरा कुठाय?"

गसने आपले दोन्ही पंजे उघडून दाखवले.

"तुझा नाही," पर्डीबाई म्हणाली. ती एवढा वेळ दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी होती. "तिसरा रॉकवेलला आहे. बॅगलीकडे."

"बॅगली?"

"ऑगस्टात आला होता. मागच्या दाराने. टोपी डोळ्यांवर ओढून, जसा काही माझ्याकडे लग्नाची मागणी घालायला आलाय. डाव्या हाताचा हवा म्हणाला." तिने खांदे उडवले. "गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी दिला शिवून."

न्यायाधीश थॉर्न आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. त्याने तो सावकाश पाठीशी नेला, दुसऱ्या डावात बॅगलीने खोचला होता तसा, आणि तसाच उभा राहिला. मग उजवा हात थोडा वर केला. मग दोन्ही खाली सोडले.

"निकाल फिरवता येईल?" विनिफ्रेडने त्याला विचारलं.

"त्याने स्वतःविरुद्ध साक्ष दिली, बाई. अशी साक्ष खोटी निघालेली मी आजवर बघितलेली नाही. ती फिरवायला नियमच नाही." तो काठी शोधू लागला, जी त्याच्या हातातच होती. "मी बाहेर जाऊन एवढं सांगू शकतो की हा माणूस विकला गेलेला नाही. तेवढं मी सांगतो."

"कारण विचारतील," मार्टिन म्हणाला.

"विचारतील."

मार्टिनने टेबलावरच्या उसवलेल्या मोज्याकडे बघितलं. मग बायकोकडे. तिची नजर त्याच्या बोटावर होती.

"सांगा," तो म्हणाला.

*

थॉर्नने सांगितलं. लोक हसले, पण जितकं वाटलं होतं तितके नाही, आणि बायकांच्या बाजूला तर कोणीच नाही. त्यांच्यातल्या आणखी किती जणींच्या टोपल्यांच्या तळाशी काय होतं, ते त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

लीगमधली जागा रॉकवेलला गेली. पेल्टनचा संघ ऑक्टोबरात मोडला. गस एबरलाइनला रॉकवेलने लगेच उचललं, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात तो बॅगलीला चेंडू टाकणार होता. सायलस आणि मार्टिन हौदावर परत गेले. तिथे दोघंही कोपरापर्यंत हातमोजे घालून चुन्यात कातडी ढवळत, आणि तिथे त्यावर कोणाला काही वाटत नसे. ओल्मस्टेडबाईंनी खालचा मजला एका शाळामास्तरला दिला.

सोमवारची गाडी विनिफ्रेडच्या दारी थांबली. वॅन आर्नम साहेबांना शिवणारीचा हात कळत होता, आणि कळलेला हात ते सोडत नसत. फक्त शनिवारच्या मजुरीतून पस्तीस सेंट कापलेले होते, हरणाच्या एका तुकड्याचे, आणि उसवलेला मोजा तिला परत मिळाला होता. सायलसच्या बायकोचेही तेवढेच.

त्याच शनिवारी पर्डीबाई आली. बसली नाही. टेबलावर तिने पन्नास सेंटचं नाणं ठेवलं.

"हे काय?"

"बॅगलीने एक डॉलर दिला होता. रोख, आगाऊ, घासाघीसही केली नाही. अर्धा तुझा."

"माझा कशाबद्दल?"

"नमुना तुझा होता." पर्डीबाई खिडकीकडे बघत म्हणाली. "तुझ्या खिडकीला पडदा नाही. ऑगस्टात मी रोज इथूनच जात होते. टोकं कापायची, तळव्याला दुहेरी, हे मला सुचलं असतं का? मी आपली सरळ शिवणारी बाई."

"ऑगस्टात माझा अर्धाच झाला होता."

"म्हणून तर त्याचा आधी झाला. तू फार उसवतेस." ती दाराशी थांबली. "साहेब माझ्याकडून कातड्याचे कापायला विसरले. मी आठवण केली नाही."

पर्डीबाई गेल्यावर मार्टिनने नाणं उचललं, उलटं केलं.

"म्हणजे त्या सगळ्यांत पैसे देऊन मोजा घेतलेला माणूस बॅगली एकटाच," तो म्हणाला.

"हो."

"आणि दिले तुला."

"पन्नास. त्यातले पस्तीस साहेबांना गेले." विनिफ्रेडने नाणं त्याच्या हातातून घेतलं. "पंधरा उरले."

तिने शाल घेतली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्याकडे मेण लावलेल्या जाड दोऱ्याची गुंडी होती. उसवलेला मोजा तिने मांडीवर पसरला आणि शिवायला बसली. मार्टिनने आपलं वाकडं राहिलेलं बोट चोळत थोडा वेळ बघितलं.

"हा दोरा काळा आहे," तो म्हणाला.

"आहे."

"लांबून दिसेल."

विनिफ्रेडने सुई कातड्यातून ओढून घेतली, टाका घट्ट केला आणि त्याला म्हणाली, "हात दे. माप बघू."

त्याने उजवा हात पुढे केला.